पितळी पेन, तिसरा प्रयत्न: सांधा आता नखाला लागत नाही

लेथवर पितळी बारातून पेन करतोय. तिसऱ्या पेनचा सांधा, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग आट्यांनी जुळतात ती जागा, काल रात्री जुळला. नख आडवं फिरवलं तर कुठे अडत नाही आणि रेघ पाहायची तर दिवा तिरका धरावा लागतो. आधीच्या दोन पेनांत नेमकं हेच साधलं नव्हतं, म्हणून या वेळी कामाचा क्रमच उलटा केला: भोक आधी, आटे मग आणि बाहेरचं अंग सगळ्यात शेवटी.

पहिल्या पेनला आधी बाहेरून आकार दिला होता आणि मग ड्रिल लावलं. आत गेलेलं ड्रिल कुठे सरकतंय ते बाहेरून कळत नाही. शेवटी सांध्याशी कापून पाहिलं, तर एका बाजूची भिंत १.६ मिमी आणि समोरची ०.८. दुसऱ्या पेनात भोक सरळ आलं, पण सांध्याला एम८ × ०.७५ चे आटे घेतले (८ मिमी व्यास, दोन आट्यांत ०.७५ मिमी अंतर). रिफिलसाठी भोक ६.२ चं आणि आट्यांच्या मुळाशी डाय (बाहेरचे आटे पाडणारी चकती) पूर्ण बसावी म्हणून ७ मिमी व्यासाची खाच. भिंत उरली ०.४. पाच-सहा वेळा उघड-बंद केल्यावर पेन त्या खाचेतच पिळवटून तुटलं. तुकडा अजून टूलबॉक्सवर ठेवलाय.

आता एम९ × ०.७५. खाच ८ मिमीची, म्हणजे भिंत ०.९. मागच्या भागात टॅपसाठी, म्हणजे आतले आटे पाडणाऱ्या हत्यारासाठी, ८.२५ चं भोक. बाहेरचा व्यास ११ ठेवला की आट्यांवर मागच्या भागाचीही १ मिमी भिंत राहते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी जाडी मिळते, आणि हे गणित मला आधी कागदावर करायला हवं होतं.

पितळात ड्रिल लावताना एक गोष्ट फार महत्त्वाची. नेहमीचं ड्रिल पितळात स्वतःच ओढलं जातं. टेलस्टॉकचं (लेथचा ड्रिल धरणारा मागचा भाग) चाक हातात असतानाही ते आत घुसतं, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) फिरतो नाहीतर ड्रिल अडकतं. उपाय सोपा आहे. ड्रिलच्या दोन्ही कापणाऱ्या कडांवर बारीक दगड ड्रिलच्या लांबीला समांतर धरून केसाएवढी सपाट पट्टी काढायची. कड मग पितळ ओढून घेण्याऐवजी खरवडते. अशी ड्रिल्स मी वेगळ्या डब्यात ठेवतो, कारण स्टीलला ती नीट चालत नाहीत. १००० च्या आसपास आरपीएम, दर ६ मिमीला बाहेर काढून चिप्स झटकायच्या. पितळाच्या चिप्स सुईसारख्या उडतात. चष्म्याशिवाय एकही कट नको.

रिफिल पार्करच्या मापाची, सुमारे ९८ मिमी. पुढचा भाग बाहेरून दिसतो ६४ मिमी, त्याला ८ मिमी आटे. आधी ६.२ चं भोक ५८ मिमी खोल, आणि तीच सेटिंग न मोडता पुढे टोकासाठी २.५ चं. साधं २.५ चं ड्रिल तिथवर पोहोचतच नाही, लांब जातीचं घ्यावं लागलं. असं बारीक, लांब ड्रिल लवचिक असतं, भरकटेल अशी धास्ती होती. पण ६.२ च्या ड्रिलने तळाशी सोडलेला ११८ अंशांचा शंकू त्याला बरोबर मध्यावर घेतो. पहिले दोन मिमी अगदी सावकाश गेलो, बस. पुढची स्प्रिंगही त्याच शंकूवर टेकते.

मागच्या भागात ६.२ चं भोक ३१ मिमी आणि त्यापुढे ५ चं आणखी ३१. रिफिलचं बूड त्या पायरीवर बसतं आणि शेपटातलं सुमारे ५ ग्रॅम पितळ कमी होतं. पितळी पेनात हे ५ ग्रॅम हाताला कळतात. शेपूट भरीव असलं की पेन अंगठ्याच्या बेचक्यात मागे कलतं.

या वेळची खरी युक्ती यापुढची. मागचा भाग ड्रिल करून, टॅप मारून चकमधून काढलाच नाही. पुढचा भाग त्यातच पिळून बसवला आणि नाकाच्या भोकात रिव्हॉल्व्हिंग सेंटर (जॉबबरोबर फिरणारा टोकदार आधार) लावला. म्हणजे पेनचा मागचा भागच मँड्रेल, जॉब बसवायचा दांडा, झाला. सेंटर लावण्याआधी डगमग मोजणारा डायल टेकवून पाहिलं, नाकाशी काटा ०.०६ मिमी हलला. एवढं चालतं. उजवे आटे असल्याने कटच्या जोराने सांधा सुटत नाही, उलट आवळला जातो. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग टर्निंग (बाहेरून सोलणं), ०.१५ चे कट, शेवटचे दोन ०.०५ चे. टूल सांध्यावरून गेलं तेव्हा आवाज जरासुद्धा बदलला नाही. तो क्षण मी विसरणार नाही.

मधल्या भागात जॉब टूलपासून थोडा दबतो, त्यामुळे तिथे ०.०४ जास्त राहिले. ते ४०० च्या पॉलिश पेपरने गेले. पेपर बोटाभोवती कधी गुंडाळू नका, पट्टी दोन्ही हातांत वरून धरायची. ८००, १२००, २००० नंतर लेथ बंद करून लांबीच्या दिशेने हाताने चार-पाच वेळा घासलं की गोल रेघा मावळतात. सांध्याच्या कडांना चॅम्फर, म्हणजे तिरपी छाट, मात्र मारायचा नाही. मारला की रेघ उघडी पडते.

रिफिलचं टोक ३ मिमी बाहेर हवं होतं, आलं २.७. मग पुढचा भाग सोडवून आट्यांच्या खांद्यावरून ०.३ चं फेसिंग केलं, म्हणजे तेवढा सपाट थर कापला. पेन तेवढंच आखूड झालं आणि टोक तेवढंच पुढे आलं. सोडवताना सांधा इतका आवळला होता की रबराची पट्टी गुंडाळून फिरवावा लागला.

उरलंय शेपूट. पार्टिंगने (अरुंद टूलने आडवं कापून) तोडून झालंय, आता भंगारातल्या पितळाचा एम९ चा खुंट चकमध्ये करून त्यावर ते पिळायचं आणि टोक गोल करायचं. लॅकर लावणार नाही. पितळ हाताने काळवंडतं तेच मला आवडतं. पुढचं पेन याच मापांत ॲल्युमिनियमचं करतोय, वजन जवळपास तिसरा हिस्सा होईल. बार कापून ठेवलाय.