वेंगेनचा मुक्काम आणि रोज सकाळी ठरणारा बेत

स्वित्झर्लंडच्या बर्नर ओबरलांड भागात येणारे बरेच पर्यटक इंटरलाकेनला उतरतात आणि तिथून रोज डोंगरात जाऊन-येऊन करतात. आम्ही मुक्काम वेंगेनला केला, आणि हाताशी थोडे दिवस असतील तर मी तोच आग्रहाने सुचवेन. १२७४ मीटर उंचीवरचे हे छोटे गाव लाउटरब्रुनेनच्या दरीवर, डोंगराच्या पदरावर वसलेले आहे. तिथवर गाडीरस्ता नाही. दरीतून वर आणते ती १८९३ साली सुरू झालेली रेल्वे. दोन रुळांच्या मधोमध दात्यांचा तिसरा रूळ असतो आणि इंजिनाखालचे दातेरी चाक त्यात रुतत जाते, म्हणून तेवढ्या तीव्र चढावरही गाडी घसरत नाही.

अशा ठिकाणी राहण्याचा खरा फायदा हवेशी निगडित आहे. युंगफ्राउयोख या उंच बर्फाळ खिंडीतले रेल्वे स्थानक ३४५४ मीटरवर आहे, १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या त्या मार्गाचा शेवटचा टप्पा आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातून बोगद्याने जातो, आणि तिकीट चांगलेच महाग आहे. एवढे करून वर ढग असतील तर आलेचची हिमनदी दिसतच नाही. वेंगेनहून मात्र पहाटे वरच्या कॅमेऱ्यांचे थेट चित्र पाहावे, आकाश मोकळे असेल तर लगेच निघावे, नाहीतर बेत खुशाल बदलावा.

ढग फक्त माथ्यावर असतील, तर गावातूनच रोपवेने वरच्या मॅन्लिखेन या डोंगरमाथ्यावर जावे आणि तिथून क्लाइने शायडेक या खिंडीपर्यंत चालावे. साधारण दीड तासाची ही वाट बहुतांशी सौम्य उताराची आहे. आयगरची उत्तर भिंत सतत समोर असते, आणि १९३८ साली ती पहिल्यांदा सर करणाऱ्यांनी काय पाहिले असेल याची थोडी कल्पना तिथे येते.

पावसाच्या दिवशी खाली दरीतल्या ट्रुमेलबाखच्या धबधब्यांना जावे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउवरच्या हिमनद्यांचे पाणी तिथे डोंगराच्या आतून, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत कोसळते. बोगद्यातल्या लिफ्टने वर जाऊन पायऱ्यांनी उतरताना पाणी खडकातल्या गोल रांजणांत गरगरत खाली जाताना दिसते, कठडा ओला असतो आणि शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. हिवाळ्यात हे ठिकाण बंद असते.

स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा रेल्वे-बसचा एकत्रित पास, वेंगेनपर्यंत चालतो. त्याच्या वर फक्त सवलत मिळते, तेव्हा खर्चाचा हिशोब त्याप्रमाणे करावा. मॅन्लिखेनचा रोपवेही वसंतात आणि शरदात काही आठवडे बंद असतो, त्यामुळे चालण्यासाठी येणाऱ्यांनी जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ निवडावा.