ऋणायनांची तूट

गेल्या हिवाळ्यात एका नियतकालिकाने माझ्याकडे भूजलावरचा एक शोधनिबंध परीक्षणासाठी पाठवला. काळ्या जमिनीच्या एका पट्ट्यातील बहुतेक विहिरींचे पाणी सिंचनास सुरक्षित आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पट्टा कोणता, हे परीक्षकाने सांगायचे नसते.

पाण्याच्या पृथक्करणाची पहिली कसोटी विद्युतभाराची असते. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असल्यामुळे त्यात विरघळलेली धनायने (धन भाराचे कण, जसे सोडियम, कॅल्शियम) आणि ऋणायने (ऋण भाराचे कण, जसे बायकार्बोनेट) यांच्या मिलीइक्विव्हॅलंटमधील, म्हणजे भाराच्या हिशेबातील एककातील, बेरजा जुळाव्या लागतात आणि साधारणपणे पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. तक्त्यातील आकडे मी स्वतः मांडून पाहिले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक विहिरीत ऋणायने कमी भरत होती. मोजमापातील किरकोळ चुका दोन्ही बाजूंना विखुरतात. तूट सतत एकाच बाजूला पडत असेल, तर कारण एकच असण्याची शक्यता मोठी असते. बायकार्बोनेटचा रकाना १.२२ ने गुणला आणि बेरजा जुळल्या. बायकार्बोनेटचा तुल्यभार ६१ भागिले कॅल्शियम कार्बोनेटचा तुल्यभार ५० म्हणजे १.२२, क्षारता (पाण्याची आम्ल उदासीन करण्याची क्षमता) कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजून तोच आकडा बायकार्बोनेट म्हणून लिहिला की नेमकी एवढी तफावत पडते.

ही केवळ लेखनातील चूक नव्हती. सिंचनाच्या पाण्याने मातीत सोडियम वाढण्याचा धोका दाखवणारा अवशिष्ट सोडियम कार्बोनेट हा आकडा काढताना कार्बोनेट व बायकार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम वजा करतात, उत्तर लिटरमागे १.२५ मिलीइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर पाणी सुरक्षित आणि २.५ च्या वर गेले तर अयोग्य मानतात. एका विहिरीची क्षारता लिटरमागे ३०० मिलिग्रॅम होती. तिचे बायकार्बोनेट ४.९२ ऐवजी ६ मिलीइक्विव्हॅलंट धरताच १.१२ हे उत्तर २.२ झाले आणि विहीर सुरक्षित वर्गातून बाहेर पडली. असे पाणी वर्षानुवर्षे दिल्यास काळी माती सोडियमने घट्ट होते आणि पाणी मुरेनासे होते. विदर्भातील पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या प्रदेशात, काम केलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या कामाचे मानधन नसते, अहवालावर नाव नसते आणि आमच्याकडे बढतीच्या वेळी त्याची विचारपूसही होत नाही. तरुण सहकारी विचारतात, मग हे का करायचे? माझ्या सुरुवातीच्या निबंधांवर अनोळखी परीक्षकांनी ओळीओळीने टिपणे लिहिली होती आणि ते ऋण मी मानतो, हे एक कारण आहे. त्याहून मोठे कारण असे की, छापलेला तक्ता पुढे कृषी अधिकारी आणि सल्लागार वापरतात, आणि त्यांच्यापैकी कोणी आयनांच्या बेरजा पुन्हा मांडून पाहणार नसतो. ती तपासणी होण्याची जागा परीक्षकाचे टेबल हीच आहे. नवा निबंध छापून येण्याआधी वाचायला मिळतो, हा आनंदही मी कमी लेखत नाही.

अहवालात मी दोष न देता गणित मांडले आणि प्रयोगशाळेची मूळ नोंद तपासण्याची विनंती केली. लेखकांनी ती तपासून चूक मान्य केली. सुधारित निबंधात अनेक विहिरींचा वर्ग बदलला होता, निष्कर्ष नव्याने लिहिला होता आणि मातीतील सोडियमचा परिणाम कमी करणाऱ्या जिप्समच्या वापरावर एक परिच्छेद वाढला होता. मी स्वीकृतीची शिफारस केली.