सुरतेचा पैसा आणि सासऱ्याच्या नावाचा सातबारा

शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात मी मिनी बँक चालवतो. पगाराची तारीख उलटली की काउंटरवर एकच प्रश्न येतो, "पोऱ्याना पैसा उना का, भाऊ?" पोरगा सुरतेला असतो, उधन्याला नाहीतर लिंबायतला. कोणी लूमवर, कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी साड्यांच्या दुकानात. पैसा आलेला असला तरी म्हाताऱ्या बायांचा अंगठा मशीन घेत नाही. निंदणी आणि कापूस वेचणीत बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. ओल्या फडक्याने पुसायचं, दुसरं बोट लावून बघायचं. दोन हजार काढायला कधी कधी अर्धा तास जातो.

बाहेरदेशी गेलेल्यांनी घरी पाठवलेला पैसा सगळ्यात जास्त भारतात येतो. २०२२ साली १११ अब्ज डॉलर आले. परदेशी कंपन्या इथे जेवढा पैसा गुंतवतात, त्याहून ही रक्कम मोठी. तेलाच्या आयातीचं बिल भागवायला तिचा हातभार लागतो, रुपयाला आधार मिळतो. नेपाळात तर देशाच्या उत्पन्नाच्या जवळपास चौथ्या हिश्शाएवढा पैसा असा येतो. सुरतेचा रुपया या हिशेबात नाही, कारण तो सीमेपलीकडून येत नाही. पण घरात शिरल्यावर दुबईचा दिरहम काय आणि सुरतेचा रुपया काय, काम एकच.

ते काम मला रोज दिसतं. किराणा, दवाखाना, कॉलेजची फी, घरावर स्लॅब. हा पैसा खाण्यापिण्यात जातो, धंद्यात लागत नाही, असं शिकलेले लोक म्हणतात. मला ते पटत नाही. पावसाने दडी मारली की पोरं पोटाला चिमटा घेऊन जास्त पाठवतात. त्यावर दुबार पेरणीचं बियाणं येतं आणि जमीन सावकाराकडे जात नाही. गुंतवणूकदार अशा वेळी हात आखडता घेतो. हा आधार तुटलेला पाहिला तो २०२०च्या लॉकडाऊनमध्ये. लूम बंद पडले, पोरं नवापूरच्या रस्त्याने पायी आली, किराणा दुकानांच्या वह्या उधारीने भरल्या.

खंत आहे ती वेगळीच. पैसा येतो, रोजगार येत नाही. कापूस आमचा, पण जिनिंगमधून गाठी बाहेर जातात आणि पोरंही.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींना दोन म्हशी घ्यायच्या होत्या. नवरा दर महिन्याला न चुकता पैसे टाकतो, पासबुकात ओळीने नोंदी आहेत. बँकेने सातबारा मागितला. तो सासऱ्यांच्या नावावर, त्यात चुलत्यांशी वाटणीचा वाद. कर्ज झालं नाही. शेवटी बचत गटातून पैसे उचलून त्यांनी एक म्हैस घेतली, आता दोन्ही वेळचं दूध डेअरीला घालतात. पासबुकातल्या त्या नोंदी उत्पन्न म्हणून का धरू नयेत? त्यावर पन्नास-साठ हजारांचं कर्ज द्यायला बँका तयार झाल्या, तर गावातल्या कितीतरी बाया उद्याच अर्ज करतील. ते अर्ज मी एक पैसा न घेता भरून देईन.