स्वतःचीच चरबी, म्हणून निर्धोक?

स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावरची किंवा मांडीची चरबी काढून ती स्तनाच्या खोलगट भागात भरण्याचा उपाय, म्हणजे फॅट ग्राफ्टिंग, माझ्या मावसबहिणीला सुचवण्यात आला, तेव्हा घरातल्या बहुतेकांनी चरबी आपल्याच शरीरातली असल्यामुळे भीतीचे कारण नाही, असे तिला समजावले. हा युक्तिवाद मला पटत नाही. कॅन्सरची पेशीही आपल्याच शरीरातली असते. ज्या स्त्रियांवर हा उपचार झाला त्यांचे पुढे काय झाले, हे पाहूनच त्याची सुरक्षितता ठरवली पाहिजे.

पहिली भीती निदानाची होती. भरलेल्या चरबीचा काही भाग मरतो, तेथे तेलाच्या गाठी होतात किंवा कॅल्शियम साचते, आणि मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) ते कॅन्सरसारखे दिसून गफलत होईल, या शंकेने 1987 मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेच्या समितीने स्तनवृद्धीसाठी चरबी भरण्याचा निषेध केला होता. 2009 मध्ये त्याच संघटनेच्या अभ्यासगटाने ही भूमिका सैल केली. वास्तविक स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही असे कॅल्शियम दिसते, पण त्या शस्त्रक्रियेला कोणी हरकत घेतली नाही. अनुभवी रेडिओलॉजिस्टला हे फरक बहुधा ओळखता येतात. क्वचित बायोप्सी करावी लागते.

दुसरी भीती अधिक गंभीर आहे. चरबीतील स्टेम सेल, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतात, आणि रेडिएशनने कडक झालेली त्वचा या उपचारानंतर मऊ पडते ती बहुधा त्यांच्यामुळेच. पण हीच चालना मागे राहिलेल्या एखाद्या कॅन्सरपेशीला मिळाली तर? प्रयोगशाळेतील काही प्रयोगांनी ही शंका बळकट केली. रुग्णांमध्ये मात्र चित्र दिलासा देणारे आहे. मिलानमध्ये 2012 साली चरबी भरलेल्या 321 रुग्णांची तुलना ती न भरलेल्या तशाच 642 रुग्णांशी केली, तेव्हा कॅन्सर परतण्याच्या प्रमाणात एकंदर लक्षणीय फरक आढळला नाही. ह्यूस्टनच्या 2016 च्या अभ्यासात स्तनात किंवा आसपास कॅन्सर परतण्याचे प्रमाण चरबी भरलेल्यांत 1.3 टक्के, तर न भरलेल्यांत 2.4 टक्के होते. नेदरलँड्समधील 2019 च्या अभ्यासात सरासरी नऊ वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करूनही फरक दिसला नाही.

तरीही मिलानच्याच अभ्यासात, दुधाच्या नलिकेबाहेर न पसरलेल्या अगदी सुरुवातीच्या कॅन्सरच्या छोट्या गटात धोका वाढलेला दिसला होता. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर तो फरक टिकला नाही, पण यांतले बहुतेक अभ्यास चिठ्ठी टाकून गट पाडलेले नाहीत आणि सर्जन मुळात कमी धोक्याचे रुग्ण निवडत असण्याची शक्यता त्यांत राहते, म्हणून मी 'पूर्ण निर्धोक' असे लिहिणार नाही.

म्हणूनच बहिणीला मी काही प्रश्न लिहून दिले: काढलेल्या गाठीच्या कडा कॅन्सरमुक्त होत्या का, ऑन्कोसर्जनची संमती आहे का, आधी मॅमोग्राफी होणार का, भरायच्या चरबीत वेगळ्या केलेल्या स्टेम सेल मिसळणार का (मिसळणार असतील तर माझे मत नको असेच आहे), आणि भरलेल्या चरबीचा बराच भाग शरीर शोषून घेत असल्याने किती वेळा शस्त्रक्रिया करावी लागेल. नंतर स्तनात नवी गाठ हाताला जाणवली, तर ती भरलेल्या चरबीचीच असेल असे गृहीत धरून थांबू नये. रेडिओलॉजिस्टला चरबी कधी व कोठे भरली ते सांगून लगेच तपासून घ्यावी.