सामना संपला की पंचांनी निघून जायचे

न्यू जर्सीत मुलाच्या लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत, पंच कमी पडतात असे कळले, तेव्हा मी लगेच नाव दिले. मुंबईतल्या पावसाळी क्रिकेटच्या कांगा लीगच्या खालच्या विभागांत काही पावसाळे चिखलात काढलेल्या माणसाला पंचगिरी कितीशी अवघड जाणार, अशी माझी समजूत होती. इथले बहुतेक पंच हौशी स्वयंसेवकच असतात. नियम पाठ केले, मुखवटा चढवला, छातीला आणि नडग्यांना पॅड बांधले आणि बॅटरच्या पाठीशी चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागे उभा राहिलो. सहा इनिंग बऱ्यापैकी पार पडल्या. चूक झाली ती त्यानंतर.

शेवटचा बॅटर बाद होताच दोन्ही संघांची मुले समोरासमोर रांगा करून ‘गुड गेम, गुड गेम’ म्हणत एकमेकांच्या तळव्यांवर तळवे आपटत निघाली, आणि मीही मुखवटा काखेत मारून रांगेच्या टोकाला हात पुढे करून उभा राहिलो. बेसवरचे माझे जोडीदार पंच, टपाल खात्यातून निवृत्त झालेले आणि या कामात केस पांढरे केलेले गृहस्थ, तोवर कुंपणाच्या फाटकापाशी पोहोचले होते. त्यांनी हाक मारली नाही. फाटक उघडे धरून ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले.

क्रिकेटवाल्याला हे खटकणारच. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीच्या २०१७ च्या नियमसंहितेच्या प्रास्ताविकातच, निकाल काहीही लागो, सामन्याअखेर पंचांचे आणि प्रतिस्पर्ध्यांचे आभार मानावेत असे सांगितले आहे, आणि आम्ही तर ते छापील स्वरूपात येण्याच्या कितीतरी आधीपासून चुकीचे पायचीत देणाऱ्या पंचांशीही मुकाट्याने हात मिळवत आलो होतो. बेसबॉलमधली रीत नेमकी उलटी. निकाल लागला की दोन्ही पंचांनी एकत्र, न रेंगाळता आणि मागे वळून न पाहता मैदान सोडायचे. कोणत्या फाटकाने निघायचे, हेसुद्धा जुने पंच सामन्याआधीच ठरवून ठेवतात, म्हणजे हरलेल्या संघाच्या डगआउटवरून, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेवरून, जायची वेळ येत नाही.

गाडीच्या डिकीशी बूट बदलताना जोडीदारांनी यामागची कारणे सांगितली. जिंकलेला प्रशिक्षक हसत हात मिळवतो, आणि लगेच कुठल्याशा आईच्या मनात शंका येते की याचे आधीपासून काही ठरले होते की काय. हरलेला प्रशिक्षक हात हातात घेतो तो बहुधा सोडण्यासाठी नसतो. त्याला तिसऱ्या इनिंगमधल्या निर्णयाविषयी दोन शब्द बोलायचे असतात. शिवाय इथल्या हायस्कूल बेसबॉलच्या नियमांनुसार पंचांचा अधिकार ते मैदानाबाहेर पडेपर्यंत चालू राहतो, म्हणजे आत घोटाळत राहिले तर एखाद्या संतापलेल्या खेळाडूवर कारवाई करायची वेळ विनाकारण ओढवून घेतली जाते.

मात्र या घाईलाही मर्यादा आहे, आणि मला ती नियमांतली सर्वांत सुंदर जागा वाटते. समजा, उंच उडालेला झेल पकडला गेला, तिसऱ्या बेसवरचा धावपटू धावत आला आणि त्याच धावेवर सामना संपला; पण झेल हातात पडण्याआधीच त्याने बेस सोडला होता, आणि ते नियमाबाहेर आहे. बचाव करणाऱ्या संघाला अजूनही अपील करता येते. हायस्कूलच्या नियमांत ही मुदत पंच मैदान सोडेपर्यंत असते, तर व्यावसायिक नियमांत पिचर (चेंडू टाकणारा) आणि आतले सगळे क्षेत्ररक्षक फेअर टेरिटरीतून, म्हणजे दोन फाउल रेषांमधल्या मैदानातून, बाहेर पडेपर्यंत. म्हणून अशा शेवटी पंच क्षणभर थांबतो. मुले एकमेकांच्या अंगावर उड्या मारत असतात आणि हा माणूस कोणी अपील करते का, याची वाट पाहत निर्विकार चेहऱ्याने उभा असतो.

मग सौजन्य उरते कुठे? ते सामना चालू असताना, प्लेटच्या (बॅटरजवळ जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या रबरी पाटीच्या) मागे, दोन माणसांपुरते असते. बॅटला चाटून आलेला चेंडू कॅचरच्या खांद्यावर बसला आणि तो कळवळला, तर पंच त्याची विचारपूस करत बसत नाही. तो खेळ थांबवतो, प्लेटच्या पुढे जातो, मैदानाकडे पाठ करतो आणि खिशातला छोटा ब्रश काढून आधीच स्वच्छ असलेली ती १७ इंचांची प्लेट सावकाश झाडू लागतो. तेवढ्यात पोराला श्वास घेता येतो आणि रडू आले असेल तर ते पुसताही येते. चेंडू पंचाला लागला, तर जाणता कॅचर काही न बोलता उठून पिचरशी उगीच दोन गोष्टी करायला जातो. बारा वर्षांच्या एका मुलाने माझ्यासाठी हे केले, तेव्हा डावा अंगठा ठणकत असूनही मला फार बरे वाटले. सामना संपल्यावर उरलेले चेंडू परत करताना त्याच मुलाने हातमोज्याने माझ्या पॅडवर हलकेच टिचकी मारली आणि ‘थँक्स, ब्लू’ म्हणाला. निळ्या शर्टामुळे पंचाला इथे हेच नाव पडले आहे. एवढे चालते.

मैदानाबाहेर मात्र सगळ्यांची गाठ खाऊच्या टपरीवर पडतेच, कारण आमच्या लीगमध्ये पंचांना तिथे एक हॉट डॉग फुकट मिळतो. गेल्या शनिवारी रांगेत माझ्यापुढे एक मुलगा निघाला, ज्याला शेवटच्या चेंडूवर मी तिसरा स्ट्राइक देऊन, म्हणजे चेंडू ठरलेल्या पट्ट्यातून गेला असे ठरवून, बाद केले होते. वडील मागे उभे होते आणि फोनमध्ये पाहत असल्याचे भासवत होते.

“ब्लू, तो चेंडू बाहेर होता ना?” त्याने विचारले.

निर्णयांवर नंतर बोलायचे नाही, हा नियम मला आता पाठ आहे. चेंडू कदाचित दोन बोटे बाहेर असेलही. मी म्हणालो, “त्याच्या आधीचा फाउल तू फार जोरात मारलास.”

त्याने क्षणभर विचार केला. “म्हणजे बाहेरच होता,” असे म्हणून त्याने केचपची बाटली माझ्याकडे सरकवली.