लिक्विड क्रिस्टलमध्ये नॅनोट्यूब: दिशा लागली हे कशावरून?

फाइव्ह-सीबी हे लिक्विड क्रिस्टल साधारण २४ ते ३५ अंश सेल्सिअसदरम्यान नेमॅटिक अवस्थेत असतं. वाहतं, पण रेणू मात्र ढोबळमानाने एकाच दिशेत. त्यात एकपदरी कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बन अणूंच्या एकाच थराच्या अतिसूक्ष्म नळ्या, सोडल्या तर त्याही त्या दिशेला लागतात का, एवढंच मला तपासायचं होतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नॅनोट्यूब सुट्या करण्याने. व्हॅन डर वाल्स आकर्षणामुळे त्यांच्या जुड्या होतात. आधी क्लोरोफॉर्ममध्ये सॉनिकेशन (ध्वनिलहरींनी हलवून सुटं करणं), मग फाइव्ह-सीबी घालून पुन्हा सॉनिकेशन. ते फार लांबवलं तर नळ्याच तुटतात. नंतर क्लोरोफॉर्म पूर्ण उडवायचा. इथे घाई चालत नाही. थोडा जरी राहिला तरी ३५ अंशांचं संक्रमण, म्हणजे नेमॅटिकचं साधं द्रव होण्याचं तापमान, खाली घसरतं. तेच तापमान हॉट स्टेजवर (सूक्ष्मदर्शकाखालच्या तापवता येणाऱ्या मंचावर) पाहून मी नमुना पास-नापास करत असे. नॅनोट्यूबचं प्रमाण वजनाने ०.०१ टक्क्याच्या आसपास ठेवलं. वाढवलं की जुड्या परततात आणि सेलमधले (मिश्रण भरायच्या काचेच्या चपट्या कुपीतले) इलेक्ट्रोड शॉर्ट होण्याची भीती.

सेल भरणं सोपं. एकाच दिशेत घासलेल्या पॉलिइमाइड या प्लास्टिकचा थर असलेल्या दोन काचा, मध्ये काही मायक्रॉनची फट. घासण्याची दिशा तीच रेणूंची दिशा. मिश्रण ३५ अंशांच्या वर तापवलं की केशाकर्षणाने आपोआप आत शिरतं. मग सावकाश थंड करायचं.

क्रॉस पोलरायझरखाली, म्हणजे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवक पट्ट्यांमध्ये, सेल फिरवला की दर ४५ अंशांनी काळोख-उजेड, अगदी छान. पण नॅनोट्यूब नसलेला सेलही हुबेहूब असाच दिसतो! जेमतेम नॅनोमीटरभर जाडीची नळी सूक्ष्मदर्शकातून दिसणार नाही. दिसलीच तर जुडी दिसते. म्हणून पोलराइज्ड रामन: एकाच दिशेत कंप पावणारा लेझर प्रकाश टाकून विखुरलेल्या प्रकाशातल्या रेणूंच्या कंपनांच्या रेषा पाहायच्या. नळीच्या अक्षाला समांतर प्रकाशात तिची जी-बँड, म्हणजे कार्बन-कार्बन बंधांच्या कंपनाची रेषा, तीव्र, आडव्या प्रकाशात क्षीण. गोम अशी की ती १५९० सेंमी⁻¹ च्या आसपास येते आणि फाइव्ह-सीबीच्या बेंझीन कड्यांची रेषा शेजारीच, १६०६ ला. त्यामुळे नुसत्या फाइव्ह-सीबीचा स्पेक्ट्रम शेजारी ठेवूनच वाचायचा. माझा जास्त भरवसा ३०० सेंमी⁻¹ च्या खालच्या आरबीएम (रेडियल ब्रीदिंग मोड) रेषांवर. त्या नळीच्या व्यासाच्या आकुंचन-प्रसरणाच्या, लिक्विड क्रिस्टलशी त्यांचा संबंध नाही. घासण्याच्या दिशेत त्या ठळक दिसल्या, काटकोनात मावळल्या.

मोजमाप मात्र मिश्रण ताजं असतानाच उरकावं. बाटलीत पडून राहिलं की नळ्या पुन्हा एकत्र येऊ लागतात.