चेस्ट नंबर

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरमध्ये मी उस्ताद, म्हणजे रंगरुटांना शिकवणारा होतो, तेव्हाची गोष्ट. अग्निवीर योजना यायच्या आधीची. रंगरुटांचं ट्रेनिंग तेव्हा 34 आठवड्यांचं असायचं. माझ्या प्लाटूनला सातारा जिल्ह्यातले जुळे भाऊ आले. एकाच भरतीत धावलेले, एकाच दिवशी दाखल झालेले, आर्मी नंबरही पाठोपाठचे. केस कापल्यावर तर आईसुद्धा चाचपडली असती.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांचे बडी, म्हणजे जोडीदार, वेगळे केले, बराकीतल्या खाटाही लांब टाकल्या. थोरल्याला ते लागलं. बोलला नाही एवढंच. आमच्याकडचा प्रत्येक रंगरूट नाईक यशवंत घाडगे यांचं नाव ऐकूनच बाहेर पडतो. 10 जुलै 1944, इटली. सेक्शनमधली बाकी सगळी पोरं मेली किंवा जखमी झाली, आणि घाडगे एकटेच मशीनगनवर धावून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर. शेजारचा पडला तरी पुढं जायचं असतं. शेजारी सख्खा जुळा भाऊ असला तर पाय उचलेल का, ही माझी काळजी होती.

मग बीपीईटीचा, म्हणजे लढाईच्या तयारीच्या शारीरिक चाचणीचा दिवस आला. पाठीवर वजन, सोबत रायफल, 5 किलोमीटर. 25 मिनिटांत आलं तर एक्सलंट. थोरला पहिल्या तुकडीत धावून मोकळा झाला होता, धाकटा दुसऱ्या तुकडीत होता. शेवटच्या वळणावर मी उभा. धाकट्याचा चेस्ट नंबर येताना दिसला, पण रायफल डाव्या हातात. धाकटा उजवा. थोरला जन्माचा डावखुरा. फायरिंगला त्याला उजव्या खांद्यावर आणता आणता मला महिना लागला होता. मी थोरल्याचं नाव घेऊन हाक मारली.

"जी उस्ताद!" तोंडातून निघून गेलं, आणि पोरगं जागच्या जागी थिजलं.

धाकटा बराकीमागं बूट काढून बसला होता. नडगी सुजलेली. तीन आठवडे लपवत होता. आधी एमआय रूम, म्हणजे सेंटरचा दवाखाना, तिथून मिलिटरी हॉस्पिटल. एक्स-रेत हाडाला चीर निघाली. आज पळाला असता तर मोडलंच असतं, असं डॉक्टरसाहेब म्हणाले. मी रिपोर्ट केला, दोघांनाही सजा झाली. खोट्या नंबरावर धावणं मी झाकलं नसतंच, पण डॉक्टरसाहेबांचं ते वाक्य डोक्यात घेऊन त्या रात्री मला झोप लागली नाही.

धाकटा रेलिगेट झाला, म्हणजे नंतरच्या बॅचला गेला. संध्याकाळी थोरला माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "उस्ताद, मलाबी रेलिगेट करा. आईच्या पोटातनं संगंच आलोय आम्ही."

"संगं? तो किती मागनं आला?"

"बारा मिन्टं."

"मग आताबी येईल."

कसम परेडला, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरच्या शपथेच्या परेडला, धाकटा कुबडी घेऊन आई-वडिलांशेजारी बसला होता. जवानांच्या आई-वडिलांना देतात ते गौरव पदक आईला मिळालं. तिनं ते मुठीत धरलं आणि मला विचारलं, "ह्याचं कधी, साहेब?" मी आठवडे सांगितले. तिनं बोटांवर मोजले.

त्याची परेड झाली तेव्हा थोरला काश्मीरमध्ये युनिटला होता, सुट्टी मिळाली नव्हती. परेड सुटल्यावर मी माझा फोन धाकट्याच्या हातात दिला. बराच वेळ तिकडं रिंग वाजत राहिली. मग तो एवढंच म्हणाला, "आलो रे."